दिसते भारी, पण बसायचं कसं?

चार बाईकवाले चहाच्या टपरीवर उभे राहिले की पंधरा मिनिटांत तट पडतात. एकाला जी गाडी "काय कडक दिसते राव" वाटते, तीच दुसऱ्याला प्लास्टिकचा टोळ वाटते. कुणी म्हणतो टाकीवर झोपून चालवण्यातच खरी मजा. कुणी म्हणतो, ताठ बसून दिवसाला पाचशे किलोमीटर काढून दाखव, मग बोलू. तिसरा म्हणतो की हल्लीच्या सगळ्याच गाड्या रोबोटसारख्या दिसतात, आरएक्स १०० ची सर कुणाला नाही. (हा तिसरा, आरएक्स १०० बंद झाली तेव्हा म्हणजे १९९६ साली, बहुतेक बालवाडीत होता.) शेवटी कुणीतरी शहाणा "जाऊ दे रे, आवड आपली आपली" म्हणतो आणि सगळे बिलाकडे वळतात.

मला हे "आवड आपली आपली" कधीच पटत नाही. म्हणजे ते खोटं आहे असं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. ह्या आवडी आभाळातून पडलेल्या नाहीत. बाईकच्या दिसण्यावरून झालेली मोठमोठी भांडणं उकरून पाहिली तर आत दरवेळी दुसरंच एक भांडण सापडतं. माणसाने गाडीवर बसायचं कसं, आणि ते ठरवणार कोण?

शिंप्याकडे शर्ट टाकला तर तो आधी माप घेतो. बाईकचं उलटं आहे. माप कारखान्यात ठरतं, आणि माणसाने त्यात बसायचं. ह्या मापाचे मुख्य बिंदू तीनच. हात टेकतात ती जागा, बूड टेकतं ती जागा, आणि पाय टेकतात ती जागा. हँडल, सीट, फूटरेस्ट. कागदावर हे तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो, आणि तो त्रिकोण सांगितला की निम्मी गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे नेले की माणूस वाकतो. तो वाकला की त्याच्या छातीखाली लांबट, सपाट टाकी लागते, डोकं खाली गेल्यामुळे पुढची काचही खाली येते, आणि शेपूट वर उचललेलं शोभून दिसतं. हँडल वर आणि रुंद केलं की हे सगळं उलटं फिरतं. डिझायनर कितीही मोठा असो, बसणं न बदलता दिसणं फारसं बदलता येत नाही.

आता वाकून बसायची हौस कुणाला आणि का, हे समजायला थोडं फिजिक्स लागेल. फार नाही, बारावीचंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरला छातीवर जेवढा वारा लागतो त्याच्या नऊपट ताशी १२० ला लागतो. त्या वेगाने तासभर ताठ बसून पाहा, मान आणि खांदे रडायला लागतात, कारण तुम्ही हँडलला धरून अक्षरशः लोंबकळत असता. वाकून बसलेल्याला मात्र तोच वारा छातीखालून आधार देतो आणि त्याच्या मनगटांवरचा भार हलका होतो. पण तोच माणूस हिंजवडीच्या सिग्नलला ताशी १५ ने सरकत असतो तेव्हा आधार द्यायला वारा नसतो. पोट आणि पाठ कमावलेली नसेल तर शरीराचा वरचा सगळा भार दोन तळहातांवर येतो. म्हणजे एकच त्रिकोण एका वेगाला आराम आहे आणि दुसऱ्या वेगाला शिक्षा. हे ध्यानात ठेवलं की पुढचा इतिहास बराच सोपा होतो.

वाकून बसण्याची फॅशन रेसट्रॅकवरून रस्त्यावर आली, आणि तिचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे लंडनचा एस कॅफे. नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली उघडलेलं, मुळात ट्रकवाल्यांसाठी रात्रंदिवस चालणारं हॉटेल. म्हणजे आपल्या हायवेवरच्या ढाब्याचा ब्रिटिश चुलतभाऊच. युद्धात बॉम्बने पडलं, १९४९ मध्ये पुन्हा बांधलं, आणि पन्नाशीच्या दशकात तिथे मोटरसायकलवाल्या पोरांचा अड्डा जमला. ताशी १०० मैल (१६१ किलोमीटर) हा त्यांचा देव. तो आकडा गाठायला ही पोरं साध्या गाड्यांची मोडतोड करायची. उंच हँडल काढून काट्याच्या दोन्ही नळ्यांना थेट आवळलेले दोन आखूड दांडे लावायचे, तेच क्लिप-ऑन. फूटरेस्ट मागे सरकवायचे. जे जे जड आणि अनावश्यक, ते काढून फेकायचं. मागची सीट अर्थातच अनावश्यक!

चेसी हवी असायची नॉर्टनची, कारण ती वळणावर चिकटून राहायची, आणि इंजिन हवं असायचं ट्रायम्फचं. दोन्ही जोडून जी संकरित गाडी बने तिचं नाव ट्रायटन. गंमत म्हणजे नॉर्टनच्या त्या चेसीचं नाव "फेदरबेड", म्हणजे पिसांची गादी. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची ती रचना १९५० मध्ये रेसिंगमध्ये उतरली, आणि हॅरोल्ड डॅनियल ह्या रेसरने ती पिसांच्या गादीसारखी वाटते असं म्हटल्यावरून ते नाव पडलं. आरामावरून नाव मिळालेल्या चेसीवर पोरांनी आपली पाठ मोडणारी हँडलं चढवली.

कंपन्यांना हे कळायला थोडा वेळ लागला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये शिकाऊ लायसन्सवाल्यांना २५० सीसीची मर्यादा आली होती. रॉयल एनफिल्डने हे हेरून १९६४ च्या शेवटी कॉन्टिनेंटल जीटी २५० आणली. लाल टाकी, क्लिप-ऑन, मागे नेलेले फूटरेस्ट, सगळं कारखान्यातूनच लावलेलं. पोरं गॅरेजमध्ये जे हाताने करत होती ते आता हप्त्यावर मिळायला लागलं. ह्या गाडीकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

त्याच सुमारास अमेरिकेत बरोबर उलटं चाललं होतं. तिथेही पोरं गाड्या कापतच होती, पण रस्ते लांब आणि सरळ, वळणांचं कौतुक कमी. म्हणून पुढचा काटा लांब आणि तिरका, हँडल खांद्याच्याही वर, पाय इंजिनच्या पुढे, आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं. १९६९ च्या "ईझी रायडर" सिनेमाने ही चॉपर जगभर पोचवली. मग १९७१ मध्ये हार्लेच्या विली जी. डेव्हिडसनने ह्या चवीची कारखान्यातून निघणारी गाडी काढली, सुपर ग्लाइड. कल्पना अचूक होती, पण मागे त्याने होडीसारखं फायबरचं शेपूट लावलं आणि ते गिऱ्हाइकाला पचलं नाही. लवकरच ते काढून टाकावं लागलं. बाकी गाडी तीच, आणि तिचा पुढे मोठा वंश वाढला.

ह्या दोन टोकांच्या मध्ये जपानी कंपन्यांनी दुकान मांडलं. १९६९ च्या होंडा सीबी७५० ने चार सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक दिला, आणि बसायला दिलं साधं. ना वाकून, ना रेलून. पुढची दहा वर्षं चारही जपानी कंपन्या एकमेकींच्या झेरॉक्स काढल्यासारख्या अशाच गाड्या काढत राहिल्या. उत्तम चालायच्या, पण टाकीवरचं नाव झाकलं तर ओळखणं कठीण.

इथे माझी सगळ्यात आवडती गोष्ट सुरू होते. सुझुकीला ह्या झेरॉक्समधून बाहेर पडायचं होतं. त्यांनी जर्मनीतल्या टार्गेट डिझाइन नावाच्या छोट्या कंपनीला काम दिलं. तिथला मुख्य माणूस हान्स मूट, आधी बीएमडब्ल्यूमध्ये होता. तिथली १९७३ ची आर९०एस आणि १९७६ ची पूर्ण फेअरिंगवाली आर१००आरएस त्याच्या नावावर. १९८० च्या सप्टेंबरमध्ये कोलोनच्या प्रदर्शनात सुझुकीने कातानाचं मॉडेल ठेवलं आणि लोक तिच्याभोवती उभे राहून वाद घालायला लागले. हेडलाइटपासून टाकी आणि सीटपर्यंत एकच सलग धारदार रेघ, चोचीसारखं नाक, चंदेरी रंग. काताना म्हणजे सामुराईची तलवार. काहींना ती भविष्यातून आलेली वाटली, काहींना नुसती कुरूप. १९८१ मध्ये ११०० सीसीची गाडी जवळपास तशीच्या तशी विक्रीला आली.

पण जपानमध्ये? तिथे तेव्हा कंपन्या देशात विकायच्या गाड्यांना ७५० सीसीची मर्यादा स्वतःच पाळत होत्या. शिवाय सत्तरच्या दशकात रात्री टोळ्यांनी धुमाकूळ घालणाऱ्या बोसोझोकु पोरांमुळे सरकार मोटरसायकलच्या बाबतीत आधीच वैतागलेलं. खालची, क्लिप-ऑन धाटणीची हँडलं आणि फेअरिंगची काच त्या वेळच्या मान्यतेच्या नियमांत बसत नव्हती. मग १९८२ मध्ये सुझुकीने घरच्या गिऱ्हाइकाला ७५० सीसीची काताना दिली ती काचेशिवाय, आणि चांगलं उंच, मागे वळलेलं हँडल लावून. जपानी पोरांनी त्या हँडलला लगेच नाव ठेवलं, "कोऊन्की हँडल". कोऊन्की म्हणजे आपल्याकडे भातखाचरात चालवतात तो पॉवर टिलर. तलवारीला पॉवर टिलरचं हँडल!

पोरांनी मग काय करावं? परदेशी ११०० ला जाणारं खालचं हँडल मिळवून ते आपल्या ७५० ला बसवायला सुरुवात केली. हे बेकायदा, म्हणून पोलीस रस्त्यात काताना दिसली की अडवून दंड करायला लागले. ह्या धरपकडीलाही नाव पडलं, "कातानागारी", म्हणजे तलवारींची शिकार. हा शब्द जपानी माणूस शाळेतच शिकलेला असतो. १५८८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडच्या तलवारी जप्त करायचा हुकूम काढला, त्याचं हे नाव. त्या हुकुमाचा सूर असा होता की शेतकऱ्याने शेतीची अवजारं सांभाळावीत आणि हत्यारं सरकारजमा करावीत. चारशे वर्षांनी पोलिसांनी तलवारीचं हँडल काढायला लावून पॉवर टिलरचं परत बसवायला सांगणं, हा विनोद ज्या कुणाला पहिल्यांदा सुचला असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

नियम फार दिवस टिकले नाहीत. १९८३ मध्ये सुझुकीचीच आरजी२५० गॅमा फेअरिंगसकट जपानी रस्त्यावर आली, आणि १९८५ पासून जीएसएक्स-आर७५० ने रेसची गाडी नंबरप्लेट लावून विकायचा रस्ताच मोकळा केला. कातानावरचा वाद मात्र चालू राहिला आणि गाडीही चालू राहिली. शेवटच्या ११०० गाड्यांची आवृत्ती निघाली ती २००० साली. जी गाडी अर्ध्या लोकांना बघवत नव्हती ती वीस वर्षं टिकली, आणि कुणालाच नावडत नसलेल्या तिच्या कितीतरी समकालीन गाड्यांची नावंही आज आठवत नाहीत.

२०१९ मध्ये सुझुकीने काताना पुन्हा आणली (२०२२ मध्ये आपल्याकडेही). नाक तेच, रेघ तीच, चंदेरी रंगही. हँडल मात्र उंच आणि रुंद! ह्या वेळी कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं, कंपनीने आपणहून लावलं. आणि तलवारीला असलं हँडल शोभत नाही म्हणून कुरकुरणारे ह्याही वेळी होतेच. मला विचाराल तर कंपनीचं बरोबर होतं. १९८२ मध्ये विशीत असलेला माणूस २०१९ मध्ये साठीला टेकलेला असतो, आणि तलवार घ्यायला पैसे आता त्याच्याकडे असतात. त्याच्या मनगटांचा विचार कुणीतरी करायला हवाच ना.

दुसरी गोष्ट इटलीची, आणि ती जरा दुखरी आहे. १९९४ ची डुकाटी ९१६. मासिमो ताम्बुरिनी ह्या माणसाने तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे दोन अरुंद डोळे, सीटखालून बाहेर पडणारे जोड सायलेन्सर, मागच्या चाकाला एकाच बाजूचा हात. सुंदर मोटरसायकलींच्या जवळजवळ प्रत्येक यादीत ही गाडी असते, आणि मलाही तिच्यापुढे बोलायला शब्द नाहीत. पण बसायला? सीटखालच्या सायलेन्सरमुळे मांड्या भाजतात, आरशात स्वतःची कोपरं दिसतात, आणि सगळा भार मनगटांवर. सुंदर म्हटल्यावर लोक हे सगळं सोसत आले.

तिच्या जागी डुकाटीने २००३ साठी ९९९ आणली. डिझायनर पिएर टेरब्लांश, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. त्याने इंजिनिअरसारखा विचार केला (हे मी कौतुकाने लिहितोय, सावध राहा). गाडी हवेला कमी अडवावी आणि माणसाला नीट बसता यावं, अशा दोन गोष्टी त्याने डोळ्यांसमोर ठेवल्या. फूटरेस्ट वेगवेगळ्या जागी हलवून बसवता यायचे. एकाच माणसासाठीच्या आवृत्तीत बसायची जागाही पुढेमागे करता यायची. म्हणजे शिंप्याने मोटरसायकलच्या धंद्यात पहिल्यांदा टेप काढली म्हणा ना. आणि गाडी पळायलाही जोरदार होती. सुपरबाइकची जागतिक स्पर्धा २००३, २००४ आणि २००६ अशी तीनदा ह्या घराण्याच्या गाडीने जिंकली.

आणि लोकांनी तिला नाकारलं. हेडलाइट एकावर एक ठेवलेले, मागे एका बाजूचा हात जाऊन साधा दोन्ही बाजूंचा आलेला, बाजूला मोठमोठे सपाट पत्रे. ९१६ वर प्रेम करणाऱ्यांना हा घराण्याला लागलेला बट्टा वाटला. टेरब्लांशवर जी टीका झाली ती वाचताना वाटतं की ह्याने गाडी काढली की कुणाची जमीन लाटली! २००७ साठी आलेल्या १०९८ मध्ये डुकाटीने मुकाट्याने दोन आडवे डोळे परत आणले, जोड सायलेन्सर परत आणले, एका बाजूचा हात परत आणला. हलवता येणारे फूटरेस्ट गेले. लोक खूश, गाडी धडाधड खपली.

ही गोष्ट मला इतकी का खुपते? कारण आम्ही सॉफ्टवेअरवाले मीटिंगमध्ये नेहमी म्हणतो की वापरणाऱ्याला सोयीचं ते टिकतं. ९९९ वापरणाऱ्याला सोयीची होती, वेगवान होती, जिंकतही होती. तरी टिकली नाही. बाईक घेणारा माणूस आधी ती उभी असलेली बघतो, चालवतो नंतर. पोस्टर भिंतीवर लावलं जातं, त्यात मनगटं दुखत नाहीत. अर्थात आज ९९९ कडे बघताना पुष्कळांना ती बरी वाटायला लागली आहे, मलाही. पण हे टेरब्लांशला तेव्हा काय उपयोगाचं?

आता आपल्याकडे येऊ. कायद्याने गाडीच्या दिसण्यात हात घालायचं उदाहरण फक्त जपानचं नाही, आपलंही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. प्रत्येक मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. हेच आपलं साडीगार्ड. परदेशी डिझायनरने काढलेली धारदार शेपटीची गाडी भारतात आली की तिच्या डाव्या बाजूला ही जाळी लटकते, आणि बहुतेक पोरं डिलिव्हरी घेतल्याच्या आठवड्यातच ती काढून माळ्यावर टाकतात. "लूक जातो रे."

जपानच्या हँडलच्या नियमाला मी हसलो, पण ह्याला हसवत नाही. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपल्यापैकी कितीतरी जणांनी ऐकलेले आहेत. आमची आई अजूनही साडीतच, एका बाजूला पाय सोडून बसते. आणि माझ्या एका मित्राच्या नव्या कोऱ्या स्पोर्टी गाडीवर मागे बसायची वेळ आली तेव्हा तिने एकदा त्या उंच, हातभर सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर बसू कशी रे, हे तर पाटाएवढंही नाही. मी आपली रिक्षाने येते." ती गाडी दिसायला खरोखर देखणी होती. फक्त ती आईसाठी कापलेली नव्हती, आणि हे गाडी काढणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

मागच्या सीटचा हा तंटा भारतात एकदा अगदी उघड्यावर खेळला गेला. २००८ मध्ये यामाहाने आर१५ आणली. १५० सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, पूर्ण फेअरिंग, खालचं हँडल. तोवर आपल्याकडे स्पोर्टी म्हणजे २००१ ची पल्सर किंवा २००३ ची करिझ्मा, आणि त्यांच्यावर बसणं तसं घरगुतीच होतं. आर१५ ने एका पिढीला पहिल्यांदा वाकायला शिकवलं. तरी पहिल्या आर१५ ची सीट सलग होती, मागे कुणीही सहज बसू शके. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत यामाहाने तिला मोठ्या भावंडांसारखं करायचं ठरवलं. मागचा टायर रुंद केला, शेपूट वर गेलं, सीट दोन भागांत तुटली आणि मागचा भाग उंच मचाणावर चढला. दिसायला एकदम रेसची गाडी. कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती गर्दी. पण मागे बसणाऱ्याने धरायचं कशाला, आणि ब्रेक मारला की पुढच्याच्या पाठीवर आदळायचं किती?

मग २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये यामाहाने काय केलं? आर१५एस नावाची गाडी काढली. तेच इंजिन, तीच चेसी, आणि पुन्हा सलग, खालची सीट. शिवाय उंच शेपटीची आवृत्तीही शेजारीच विकायला ठेवली. ज्याला फोटो काढायचेत त्याने ही घ्या, ज्याच्या घरी मागे बसणारं माणूस आहे त्याने ती घ्या. माझ्या मते भारतीय मोटरसायकलच्या इतिहासातली ही फार प्रामाणिक कबुली आहे. २०२१ मध्ये पुढच्या पिढीतही त्यांनी हेच केलं, सलग सीटवाली एस पुन्हा काढली. सीटची उंची मात्र दरम्यान हळूहळू चढतच गेली. पहिली आर१५ ७९० मिलिमीटरची होती, २०१८ ची तिसरी ८१५ ची. पंचवीस मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं सहा फुटी माणसाला वाटेल. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला विचारा, सिग्नलला पाय टेकतो की नुसतीच बोटं टेकतात.

राहिली ती लाल टाकीवाली कॉन्टिनेंटल जीटी. ब्रिटनमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास संपली, पण मद्रासला १९५५ पासून चालू असलेला कारखाना टिकला, हे सगळ्यांना माहीत आहेच. त्याच रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये दोन गाड्या एकत्र आणल्या, इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५०. आमच्या धंद्यात ज्याला ए/बी टेस्ट म्हणतात ती हीच. इंजिन एक, चेसी एक, ब्रेक एक. इंटरसेप्टरला उंच रुंद हँडल, पुढे फूटरेस्ट, फुगीर टाकी, जाड सीट. जीटीला खालचं हँडल, मागे फूटरेस्ट, लांबट टाकी, सडपातळ सीट. म्हणजे सुरुवातीला म्हटलेला तो त्रिकोण तेवढा बदलला, आणि बघणाऱ्याला दोन वेगळ्या जातीच्या गाड्या दिसल्या. बाजारात आल्या तेव्हा इंटरसेप्टरची किंमत अडीच लाख होती आणि जीटीची दोन लाख पासष्ट हजार. वाकून बसायचे पंधरा हजार जास्त.

जीटी घेऊन वर्षभरात तिला उंच हँडल बसवून घेणारे लोक मला भेटले आहेत. इंटरसेप्टर घेऊन तिला क्लिप-ऑन लावणारेही भेटलेत. आमच्या गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिककडे एकदा दोन्ही गाड्या एकाच शनिवारी उभ्या होत्या, आणि तो विचारत होता की तुम्ही दोघं आपसात गाड्याच का बदलून घेत नाही.